नऊ जणांत एक

शुक्रवारी सकाळी प्लांटच्या फाटकावर नऊ नावांचा कागद लागला. सातवं नाव गौरेश मयेकरचं होतं.

त्याच्या बायकोला, रसिकाला, ते शाळेत कळलं. दहावी 'ब'चा तास चालू होता. दोन फासे टाकले तर बेरीज सात येण्याची संभाव्यता किती, हे ती फळ्यावर मांडत होती. मागच्या बाकावर कुजबुज सुरू झाली, मग ती पुढे पुढे सरकत पहिल्या बाकापर्यंत आली आणि एकदम थांबली. रसिका वळली तेव्हा सगळी मुलं तिच्याकडे बघत होती.

"काय झालं?" तिने विचारलं.

शेवटी पहिल्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "मॅडम, यादी लागली."

पुढचं तिला सांगावं लागलं नाही. रसिकाने खडू खाली ठेवला, गणित पुरं न करता.

शिरवली बंदरात मासे गोठवण्याचा तो एकच मोठा कारखाना. कोळंबी, म्हाकूळ, सुरमई तिथे साफ होऊन गोठायची आणि परदेशी जायची. सगळं गाव त्याला नुसतं 'प्लांट' म्हणायचं. मासे गोठवायला अमोनिया वायू लागतो. नळ्यांमधून फिरतो आहे तोवर तो गुणी, पण सांध्यातून बाहेर आला की डोळे आणि फुप्फुसं जाळत सुटतो. म्हणून जागोजागी वायू ओळखणारे अलार्म बसवलेले असतात. मार्चमध्ये एका दुपारी चार वाजून पाच मिनिटांनी कोळंबी सोलायच्या विभागामागचा एक सांधा फुटला आणि अलार्म वाजलाच नाही. आतल्या टोकाला बसलेल्या तीन बायका दारापर्यंत पोचू शकल्या नाहीत. त्यांतली एक वासंती तारी. मयेकरांच्या आणि तारींच्या घरांमध्ये एकच भिंत होती.

प्लांटच्या नियंत्रण पेटीत प्रत्येक गोष्टीची आपोआप नोंद होई. त्या दिवशीची नोंद सरळ होती : 'दुपारी ३.४०. अलार्म हाताने बंद.'

अलार्मचा चावीचा स्विच एका बोळात होता. तिथे कॅमेरा नव्हता. चहाच्या सुट्टीत सगळी पाळी त्याच बोळातून ये-जा करायची. तो अलार्म आठवडाभर उगाचच वाजत होता, लोक वैतागले होते, शिव्या घालत होते. कुणीतरी वैतागून चावी फिरवली असणार, हे सगळ्यांनी धरलंच. पण कोणी? त्या दुपारी आत चारशे माणसं होती आणि चारशेही जण नाही म्हणत होते. गौरेशही. तो गोठवण यंत्रावर ऑपरेटर होता आणि तीन-चाळीसच्या सुमाराला चहाला गेला होता, बोळातूनच.

मग सरकारी चौकशी समितीने मेंदूतल्या खुणा वाचणारं एक यंत्र आणलं.

ओळखीची वस्तू डोळ्यांसमोर आली की सेकंदाच्या एक तृतीयांश भागात माणसाच्या मेंदूत विजेची एक बारीक लाट उठते, हे कित्येक दशकांपासून ठाऊक होतं. ती लाट माणसाला दाबता येत नाही. तोंडाने नाही म्हटलं तरी ती उठतेच. या नव्या यंत्राची करामत पुढची होती. 'पाहिलेलं' आणि 'आपल्या हाताने केलेलं' यांतला फरक त्याला कळायचा. ज्याने एखादं कुलूप उघडलं आहे त्याच्या मेंदूत ते कुलूप नुसतं बघण्याच्या भागात राहत नाही, बोटं हलवणाऱ्या भागातही त्याची खूण उरते. डोक्यावर जाळीदार टोपी घालायची, पडद्यावर भराभर तीनशे चित्रं दाखवायची, त्यांत मधेच तो स्विच, ती चावी, ती चावी धरलेला हात. बारा मिनिटांत चाचणी संपते. ज्याच्या बोटांचा भाग जागा झाला, त्याने ते काम केलं असं धरायचं.

यंत्र अठ्ठ्याण्णव टक्के अचूक होतं. म्हणजे शंभर करणाऱ्यांतले अठ्ठ्याण्णव ते पकडायचं, आणि शंभर न करणाऱ्यांतल्या अठ्ठ्याण्णवांना सोडायचं. उरलेल्या दोघांना मात्र चुकून धरायचं.

बातम्यांत एवढंच आलं : अठ्ठ्याण्णव टक्के अचूक यंत्राने नऊ जण पकडले.

त्या दिवशी दुपारी रसिका घरी आली तेव्हा गौरेश पडवीत बसला होता. एरवी तो तिच्याशी पुस्तकी मराठीत बोले, कारण ती कराडची. घाबरला की मात्र त्याची मालवणी वर यायची.

"मी केलंय नाय गो," तो म्हणाला. "देवाशपथ नाय."

"मला माहीत आहे. आत ये. मी तुला काहीतरी दाखवते."

तिने जुन्या वहीचं पान फाडलं आणि लिहायला लागली. गणित मांडायला लागली की तिचा आवाज स्थिर व्हायचा, तसा आत्ताही झाला.

"हे बघ. समजा, चारशेंपैकी दोषी एक. यंत्र त्याला जवळजवळ नक्की पकडेल. झाला एक. उरले तीनशे नव्याण्णव, सगळे निर्दोष. त्यांतले शंभरास दोन चुकून धरले जाणार. म्हणजे किती?"

"आठ?"

"आठ. एक खरा आणि आठ खोटे, मिळून नऊ. आणि यादीत नावं किती आहेत?"

गौरेशने कागदाकडे बघितलं. "नऊ."

"म्हणजे तू दोषी असण्याची शक्यता अठ्ठ्याण्णव टक्के नाही. नऊ जणांत एक. अकरा टक्के. आपल्या दहावीच्या पोरांनाही सुटेल हे."

गौरेशचा चेहरा उजळला. त्याने तो कागद घडी करून खिशात घातला आणि पुढचे कितीतरी दिवस भेटेल त्याला दाखवला. बाजारात, तालुक्याच्या गाडीत, देवळाच्या पायरीवर. लोक मान हलवायचे, "असेल असेल" म्हणायचे, आणि तो गेला की एकमेकांकडे बघायचे. रसिका स्वतः कागद घेऊन भिंतीपलीकडे रघुवीर तारीकडे गेली. वासंती गेल्यापासून रघुवीरने होडी काढली नव्हती. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. आठ निर्दोष, एक दोषी, सगळं.

मग म्हणाला, "वैनी, तुमचा गणित बरोबर असतला. पण माझी बायको शंभर टक्के गेली."

त्यानंतर तारींच्या घराची मयेकरांच्या अंगणाकडची खिडकी बंद झाली.

चौकशी समितीचे प्रमुख घोरपडे स्वतः इंजिनिअर होते. रसिका त्यांच्याकडे गेली तेव्हा त्यांनी तिला बसायला सांगितलं, पाणी दिलं आणि कागद पुरता वाचला.

"मॅडम, तुमचं बरोबर आहे," ते म्हणाले. "आमच्या अहवालातही हे लिहिलंय. अकराव्या पानावर आहे."

"मग?"

"मग काय? अकराव्या पानापर्यंत कोण जातं? आणि माझ्यापुढे चारशे जण होते, आता नऊ आहेत. त्या नवांची नावं मी लावली नाहीत, तर मेलेल्या बायकांची माणसं मला विचारतील, तुम्ही केलंत काय?"

"आठ निर्दोष माणसांना शिक्षा होतेय."

"शिक्षा नाही ती. चौकशी आहे."

रसिकाने यावर विचार करून ठेवला होता. "नऊ जणांची चाचणी पुन्हा घ्या," ती म्हणाली. "आठ निर्दोष आहेत. त्यांतला प्रत्येक जण सुटण्याची शक्यता अठ्ठ्याण्णव टक्के. तुम्हाला खरा माणूस मिळेल आणि आठ घरं वाचतील."

चाचणी घेणाऱ्या डॉ. अरुंधती हळबे त्याच खोलीत कोपऱ्यात बसल्या होत्या. त्या जरा घुटमळल्या. "दुसऱ्या चाचणीबद्दल आमच्याकडे पुरेशी माहिती नाही," त्या म्हणाल्या.

"यंत्राची चूक योगायोगानेच होते ना? मग त्याच माणसावर दोनदा चूक व्हायची म्हणजे पन्नासांत एक गुणिले पन्नासांत एक. अडीच हजारांत एकदा."

"हो. दोन्ही चाचण्या एकमेकींपासून स्वतंत्र आहेत असं धरलं तर."

त्यातला 'हो' तेवढा रसिकाने ऐकला.

गौरेश मात्र तयार नव्हता. "नको," तो म्हणाला. "एकदा बसलो तेवढं पुरे."

"अरे, पन्नासांत एकदाच चुकतं ते. सुटशील तू."

"तुला माझी खात्री आहे ना?"

"आहे."

"मग कशाला?"

"लोकांना नाही, गौरेश. आपल्याला इथेच राहायचंय."

हे खरं होतं, पण पुरतं खरं नव्हतं. अकरा टक्के म्हणजे शून्य नव्हे, हे गावात फक्त रसिकाला नीट कळत होतं. इतरांनी गौरेशला एक तर चोख दोषी ठरवलं होतं, नाहीतर चोख निर्दोष. नवातला एक हिस्सा संशय असा मोजून एकट्या तिच्याच जवळ होता. भाकरी थापताना, पेपर तपासताना तो मधेच वर यायचा. चहाला गेला तेव्हा याने चावी फिरवली असेल का? याचं डोकं दुखत होतं त्या आठवड्यात. तिला तो हिस्सा पुसून टाकायचा होता, आणि दुसरी चाचणी हाच त्यावरचा उपाय तिला दिसत होता.

गौरेश हो म्हणाला. तिच्यासाठी म्हणाला.

चाचणीची तारीख पाच आठवड्यांनी मिळाली. प्लांटला कोर्टाचं कुलूप होतं, त्यामुळे तोवर गौरेश घरीच होता. सुरुवातीला त्याने परसातलं कुंपण नीट केलं, माडांना आळी केली. मग काम संपलं. तो पडवीत बसून राहायला लागला. एकदा रसिका शाळेतून आली तर तो पाण्याच्या मोटारीच्या स्विचसमोर उभा होता, उजवा हात अर्धवट उचललेला, बोटं हवेत फिरत होती.

"काय करतोयस?"

"काही नाही," तो दचकून म्हणाला. "बघत होतो, कसं वाटत असेल. चावी फिरवताना. यंत्राला माझ्यात नक्की काय दिसलं असेल, तेच कळत नाही."

"नको ना तोच तोच विचार करू."

"दुसरं काय करू?"

तिने चहा केला. नंतरही तिने त्याला तसं तीन-चारदा पाहिलं.

दुसऱ्या चाचणीचा निकाल बुधवारी लागला. नवांपैकी आठ जण सुटले. रसिकाने सांगितलं होतं अगदी तसंच झालं. संध्याकाळी त्या आठांतल्या एकाची आई गोड खाज्याचा पुडा घेऊन दारात आली. तिने रसिकाचे दोन्ही हात धरले, "बाय, तुझ्यामुळे माझो झील सुटलो," म्हणाली, आणि मग तिला आठवलं आपण कोणाच्या घरी आलो आहोत. पुडा पडवीत ठेवून ती मागे न बघता निघून गेली.

गौरेश आत खाटेवर बसला होता. रसिका समोर येऊन उभी राहिली तेव्हा त्याने विचारलं, "आता किती झाले?"

"राहू दे ते."

"सांग ना. पहिल्यांदा तूच सांगितलंस. अकरा होते. आता किती?"

तिने ते गणित निकाल ऐकताच मनात केलेलं होतं : एकास आठ होते, ते आता एकोणपन्नासास आठ झाले होते. न करता तिला राहवलं नव्हतं. खोटं सांगता आलं असतं. 'पन्नास' म्हणता आलं असतं, 'सांगता येत नाही' म्हणता आलं असतं. पण बावीस वर्षांच्या संसारात तिने त्याला एकही आकडा खोटा सांगितला नव्हता, आणि खोटं कसं सांगायचं हे तिला त्या क्षणी सुचलंच नाही.

"शहाऐंशी," ती म्हणाली.

गौरेशने मान हलवली. तो आपल्या तळहाताकडे बघत होता.

"माका भिती वाटता गो," तो म्हणाला. "तुझं गणित कधी चुकलंय असं आठवत नाही मला."

पुढच्या पंधरा दिवसांत ते झालं. आधी तो म्हणाला, चहाला जाताना आपण स्विचजवळ थांबलो होतो बहुतेक. मग बहुतेक हा शब्द गेला. मग म्हणाला, अलार्म वाजत होता आणि डोकं ठणकत होतं. एका सकाळी भांडी विसळणाऱ्या रसिकाच्या मागे येऊन तो म्हणाला, "चावी घट्ट होती. डावीकडे फिरवावी लागली. बोटांना गंजाचा वास येत होता नंतर." त्याच्या आवाजात एक प्रकारचा सुटकारा होता, हरवलेली वस्तू सापडावी तसा.

रसिकाचे हात पाण्यातच राहिले. तिला काय वाटलं? तिला राग आला. भिंतीपलीकडची वासंती आठवली, लग्न होऊन आल्यावर तिला सुरमई कापायला शिकवणारी. अकरा टक्क्यांना धरून ठेवलेला विश्वास शहाऐंशीला डगमगला होता, तो या वासाच्या तपशिलाने पुरता कोसळला. तिने गौरेशकडे न बघता एवढंच विचारलं, "आणि इतके महिने आमच्याशी खोटं बोललास?"

"आठवत नव्हतं," तो म्हणाला. "खरंच आठवत नव्हतं."

दुसऱ्या दिवशी ती शाळेत असताना तो स्वतःच्या पायांनी पोलीस चौकीत गेला. पोलिसांपुढचा कबुलीजबाब कोर्टात चालत नाही, असं वकिलाने सांगितलं, म्हणून त्याने तो दंडाधिकाऱ्यांपुढे पुन्हा दिला. जामीन त्याने मागितला नाही. रसिका दर पंधरा दिवसांनी तुरुंगात भेटायला जायची, जाळीपलीकडे बसायची आणि परत यायची. एकदा ती रघुवीरच्या दाराशी जाऊन उभी राहिली. त्याने दार उघडलं, आणि त्याला बघताच ती मागे फिरली.

पावसाळा गेला, दिवाळी गेली. डिसेंबरमध्ये घोरपड्यांचा फोन आला.

"मॅडम, बसल्या आहात का? बसा."

प्लांट अपघातापासून सीलबंद होता. दारांवर कोर्टाची कुलुपं. आत चिटपाखरू नव्हतं. पण नियंत्रण पेटी छतावरच्या सौर बॅटरीवर चालूच राहिली होती, ती बंद करायचं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. खटल्यासाठी तिची नोंदवही उतरवून घेताना तंत्रज्ञाला जून ते सप्टेंबरच्या काळात तीच ओळ सापडली. अकरा वेळा.

'अलार्म हाताने बंद.'

कुलूपबंद इमारतीत, जिथे एकही हात नव्हता.

स्विच उघडून बघितला तेव्हा आत मिठाचा पातळ थर होता. हवेतला दमटपणा वाढला की खारट ओल दोन तारांना जोडायची, आणि पेटीला वाटायचं की चावी फिरली. वाळलं की आपोआप पूर्ववत. आठवडाभर अलार्म उगाच वाजत होता, तोही त्याच ओलीने.

"म्हणजे कुणीच केलं नाही?" रसिकाने विचारलं.

"कुणीच नाही," घोरपडे म्हणाले. "आम्ही माणूस शोधत बसलो."

फोन ठेवल्यावर रसिकाने कपाटातून तो घडी पडलेला कागद काढला. गौरेशला आत घेताना तुरुंगाने त्याचं सामान घरी पाठवलं होतं, त्यात तो होता. पहिलीच ओळ तिच्या हस्ताक्षरात होती : 'समजा, दोषी १.' ते एक तिने कुठून आणलं होतं? सगळे म्हणत होते म्हणून घेतलं होतं. दोषी शून्य घेतला असता, तरी चारशेला शंभरास दोन प्रमाणे आठ जण धरले गेलेच असते. नऊ आले. एवढा फरक तर योगायोगातच येतो. ते नऊच्या नऊ निर्दोष असू शकतात, हे त्याच आकड्यांत पहिल्या दिवसापासून लिहिलेलं होतं. आठ अधिक एक अशी बेरीज जुळल्याचा तिला आनंद झाला होता.

डॉ. हळबे दोन दिवसांनी घरी आल्या. त्या नजर वर करत नव्हत्या.

"पहिल्यांदा यंत्र चुकलं, ती नेहमीची चूक," त्या म्हणाल्या. "दुसऱ्यांदा ते चुकलं असं मला म्हणता येत नाही. माणूस एखादी कृती मनात वारंवार करतो, तेव्हा बोटांचा तोच भाग जागा होतो. तुमचे मिस्टर पाच आठवडे ती चावी मनात फिरवत होते. चाचणीला बसले तोवर खूण तयार झालेली होती. यंत्राने ती वाचली."

"म्हणजे दोन्ही चाचण्या स्वतंत्र नव्हत्याच. पहिलीनेच दुसरी घडवली."

"मी तेव्हाच ठामपणे सांगायला हवं होतं."

"तुम्ही सांगितलं होतं," रसिका म्हणाली. "मी गुणाकार करत होते."

नंतर तिने विचारलं, "ती खूण काढता येते?"

"आम्हाला फक्त वाचता येतं," हळबे म्हणाल्या.

गौरेश जानेवारीत सुटला. तुरुंगाच्या फाटकाबाहेर कॅमेरे होते, कुणीतरी हार आणला होता. तो हार त्याने गळ्यात घालून घेतला नाही. घरी आल्यावर रसिकाने त्याच्यापुढे नोंदवहीच्या प्रती ठेवल्या, स्विचची छायाचित्रं ठेवली. त्याने प्रत्येक पान लक्षपूर्वक वाचलं.

"कळलं," तो म्हणाला. "अकरा वेळा आपोआप झालं."

"मग?"

"त्या दिवशी मी केलं."

"अरे, कुणीच नाही केलं. तो स्विच..."

"आपोआप होऊ शकतं, हे सिद्ध झालं ना? त्या दिवशी आपोआपच झालं, हे कुठे लिहिलंय यात?" तो शांतपणे, जवळजवळ समजावल्यासारखं बोलत होता. "मला आठवतंय, रसिका. तुला लग्नातलं आठवतं तसं. चावी घट्ट होती."

एखाद्या हुशार विद्यार्थ्याने अचूक शंका काढावी, तशी त्याची शंका अचूक होती. शक्यता नगण्य, पण शून्य नव्हती. शून्य आहे असं ती म्हणाली असती तरी तो मानणार नव्हता, कारण असं खोटं बोलू नये हे तो तिच्याकडूनच शिकला होता. ती खूप बोलली, त्या दिवशी आणि नंतरही. रडली. माफी मागितली. "तुझी काय चूक?" तो म्हणायचा. "अलार्म मी बंद केला."

तो घरात कुठल्याही स्विचला हात लावेना. पंखा हवा असला तर तिला हाक मारायचा, ती शाळेत असली तर उकाड्यात तसाच बसून राहायचा. जेवण दोन घासांवर आलं. जिल्ह्याच्या मानसोपचार डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, बोलून बघितलं. खरी आठवण आणि रुजलेली आठवण आतून सारखीच असते, काळ जाऊ द्या, असं त्यांनी रसिकाला बाहेर नेऊन सांगितलं. काळ जात होता. मार्च उजाडेपर्यंत गौरेशच्या पँटला दोरी बांधायची वेळ आली.

वासंतीच्या वर्षश्राद्धानंतर तिसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी, रघुवीर तारी पडवीत आला. वर्षभरात पहिल्यांदा. त्याने चप्पल खाली काढली आणि अवघडून उभा राहिला.

"वैनी, गौरेश आसा?" त्याने विचारलं. "माझा चुकला. मी तुमच्याशी बोलणा टाकलंय. सांगूक इलंय."

रसिका काही म्हणणार तोच गौरेश आतून आला. रघुवीरला बघून तो जागच्या जागी थांबला. मग गुडघ्यांवर आला आणि त्याने रघुवीरचे पाय धरले.

"रघूदा, माफ कर माका."

रघुवीर मागे सरकला. "अरे, ऊठ. ह्या काय करतंस? तू कायएक करूक नाय. पेपरात इला सगळा."

"नाय रघूदा. मीच केलंय. माका आठवता."

"खुळो झालंस काय? कुणीच करूक नाय ता. मीठ साचला होता."

"माका माफ कर," गौरेश म्हणत राहिला. "माका माफ कर, रघूदा." त्याचं कपाळ रघुवीरच्या पावलांवर टेकलं होतं. शर्टातून पाठीचे मणके दिसत होते.

रघुवीरने वर रसिकाकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर त्याला काय दिसलं कोण जाणे. मग तो हळूहळू खाली बसला, जमिनीवरच, आणि त्याने गौरेशच्या डोक्यावर हात ठेवला. जाळं ओढून घट्टे पडलेला हात.

"बरां," तो म्हणाला. "केलंस तू. आणि मी तुका माफ केलंय. वासंतीच्या वतीन पण केलंय. आता ऊठ."

रसिकाच्या ओठांपर्यंत शब्द आले. त्याने केलेलं नाही. असं म्हणू नका, आता ते कायमचं होईल. तिने दाराची चौकट घट्ट धरली आणि ती गप्प राहिली.

गौरेश रडायला लागला. चौकीत गेला तेव्हा, कोर्टात, सुटून आला तेव्हाही तो रडला नव्हता. आता लहान मुलासारखा मोठ्याने रडला, आणि रघुवीर त्याच्या डोक्यावरचा हात न काढता बसून राहिला, कुठेच न बघता.

रडणं थांबायला वेळ लागला. मग रसिकाने तिघांची पानं वाढली. गौरेशने भात संपवला, आणखी मागितला, तोही संपवला. रघुवीरने पहिला घास कालवून हातात घेतला होता. घास तसाच धरून तो मधल्या भिंतीकडे बघत बसला होता.